जब्बारचाचांची गवाही

आमच्या कॉलनीत गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायला दोघं-तिघं येतात, पण बायका वाट बघायच्या ती जब्बारचाचांची. नशिराबादहून ते सायकलवर येत. कॅरिअरला पत्र्याची पेटी, तिच्यात कुकरच्या रिंगा, शिट्ट्या, बर्नर, नळ्या, आणि जेट साफ करायच्या बारीक पिना एका जुन्या सुरम्याच्या डबीत. शेगडी अंगणात मागवायचे, फडकं अंथरून उकिडवे बसायचे आणि सगळी खोलून ठेवायचे. जोडून झाली की पेटवायचे, मान वाकडी करून ज्योत चारी बाजूंनी बघायचे आणि उठताना म्हणायचे, "झालं ताई. जब्बारची गवाही."

गवाही म्हणजे साक्ष. ती त्यांची नुसती बोलायची ढब नव्हती. नशिराबादला त्यांच्या मोहल्ल्यात रमजानचा आणि ईदचा चाँद बघायला माणसं मशिदीच्या गच्चीवर जमतात. आभाळ स्वच्छ असलं तर प्रश्नच नसतो, सगळ्यांनाच दिसतो. ढग आले, धुरळा असला, की भरवशाच्या माणसांची गवाही लागते, आणि ईदच्या चाँदला तर दोघांची. बरीच वर्षं त्या दोघांतले एक जब्बारचाचा असत. पश्चिमेच्या कठड्याजवळ त्यांची जागा मोकळी ठेवलेली असे.

ती जागा काही तेज डोळ्यांमुळे मिळाली नव्हती. तेज डोळ्यांची पोरं मोहल्ल्यात पुष्कळ आहेत. एका वर्षी रोजे ऐन उन्हाळ्यात आले होते आणि जळगावचं ऊन काय असतं ते सांगायला नको. माणसं टेकीला आली होती. त्या संध्याकाळी आभाळ मळकट होतं. मोहल्ल्यातला एक वजनदार व्यापारी म्हणाला, दिसला, आणि जब्बार माझ्या शेजारीच होता, त्यालाही दिसलाच असणार. सगळ्यांना तेच हवं होतं. चाचा म्हणाले, मला नाही दिसला. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. आणखी एक रोजा ठेवावा लागला आणि अर्धी गल्ली त्यांच्याशी दिवसभर बोलली नाही. मागाहून कळलं की आसपास कुठेच दिसला नव्हता. तेव्हापासून कठड्याजवळची जागा त्यांची झाली.

त्यांच्या पत्नी, मुमताजचाची, ही गोष्ट नेहमी तक्रार केल्यासारखी सांगतात. त्यांनी शीरखुर्म्याचं दूध आधीच चुलीवर चढवून ठेवलं होतं. "दुधाचं दही लावावं लागलं मला, यांच्या इमानापायी," असं म्हणतात आणि पदराआड हसतात. गल्लीतल्या बायका पुढे पुढे गच्चीकडे बघेनाशाच झाल्या. चाचींनी दूध चढवलं की उद्या ईद, एवढं त्यांना पुरे होतं.

आता भाविकाबद्दल. ती आमच्या शेजारच्या शेवंताबाईंची मुलगी. शेवंताबाईंचं माहेर-सासर दोन्ही पूर्वेकडच्या केळीवाल्या गावांतलं, बोलणं अजून तिकडचंच. भाविका बीएस्सी झाली आणि चोपड्याच्या वर सातपुड्याच्या पहिल्या रांगेत एका संस्थेने वेधशाळा बांधली आहे तिथे लागली. डोंगराच्या माथ्यावर पांढरा घुमट, खालून बारीकसा दिसतो. वरची साहेबमंडळी ताऱ्यांचा उजेड कमी-जास्त कसा होतो ते मोजतात. भाविकाचं काम लोकांना वर आणायचं: शाळा, बचत गट, शेतकरी मंडळं. तिला एकदा सुचलं की रमजानच्या महिनाभर आधी नशिराबादच्या माणसांना नवा चंद्र दुर्बिणीतून दाखवावा. चाँद बघणारे चाचा आमच्याकडे येतात, हे तिनेच मोठ्या कौतुकाने आपल्या साहेबांना सांगितलं.

साहेब म्हणजे हितेंद्र. पारोळ्याकडचा, कापूस पिकवणाऱ्या घरातला तरणा मुलगा. हुशार, कष्टाळू, आणि मनाने वाईट नाही, हे मी आधीच लिहून ठेवते. पाहुणे आले की त्याची एक रीत होती. रांगेतल्या पहिल्या माणसाला दुर्बिणीला डोळा लावायला सांगायचं, दुर्बिणीच्या तोंडावरचं झाकण तसंच ठेवायचं, आणि विचारायचं, दिसलं का? कॉलेजची मुलं हमखास हो म्हणत. एकाला तर शनीची कडीसुद्धा दिसली होती. मग हितेंद्र झाकण काढून वर धरी, हशा पिके, आणि तो सांगे की डोळ्याला जे बघायचं असतं तेच तो बघतो, म्हणून आमच्या कामात न दिसलेलं 'दिसलं नाही' असंच लिहावं लागतं. स्वतःच्या वडिलांनाही त्याने सोडलं नव्हतं. चुडामणआबांनी डोळा लावला आणि ताडकन म्हणाले, "काहीच दिखत नही रे भो, बठ्ठं काळं शे." वर पारोळ्याच्या बाजारात सांगत फिरले की पोराचं एवढं महागाचं मशीन आंधळं आहे. बापलेक दोघंही ती गोष्ट हसून सांगत.

पण आबा बाप होते. पोराच्या तोंडावर त्यांना काहीही बोलता येत होतं.

बस भरून माणसं गेली. मोहल्ल्यातली कर्ती माणसं, पोरं, काही बायका. भाविकाने मलाही नेलं. वळणं चढताना मुमताजचाचींनी खिडकीतून घुमट पाहिला आणि वर कुणाचा दर्गा आहे म्हणून विचारलं. मागे बसलेला उजैर म्हणाला, "चाची, इथले पीर दिवसा झोपतात." उजैर म्हणजे गल्लीतला मोबाइल दुकानवाला. त्याच्या तोंडाला लगाम नाही. चाचा पुढच्या सीटवर धुतलेल्या सदऱ्यात बसले होते. आदल्या दिवशी त्यांनी चष्म्याची दांडी स्वतःच्या हाताने घट्ट करून घेतली होती.

वर चहा-खारी झाली. चाचांचे गुडघे धरतात, म्हणून भाविकाने त्यांचा हात धरून लोखंडी जिन्याने एकेक पायरी वर नेलं. मध्ये दोनदा थांबली, पाणी दिलं. गच्चीवर वारा होता. सूर्य नुकताच मावळला होता आणि नुसत्या डोळ्यांना अजून काही दिसत नव्हतं. हितेंद्रने सगळ्यांचं स्वागत केलं, छान बोलला. म्हणाला, इतकी वर्षं चंद्राची साक्ष देणारा माणूस आज आपल्यात आहे, तेव्हा मान त्यांचा, पहिलं त्यांनी बघायचं. वेधशाळेतला एकजण मोबाइल धरून शूटिंग करत होता.

भाविकाला त्या क्षणी ते झाकण आठवलं. ती मला नंतर म्हणाली की मला वाटलं, सर एवढ्या वयाच्या माणसाबरोबर नाही करणार. तिने हितेंद्रकडे पाहिलं, पण तो चाचांचा खांदा धरून त्यांना दुर्बिणीकडे वळवत होता.

चाचांनी चष्मा काढला, डोळा लावला. बराच वेळ तसेच वाकून राहिले. हितेंद्रने विचारलं, "दिसला का चाचा?"

"हो," चाचा म्हणाले. "दिसला." मग एवढ्याने पाहुणचाराची भरपाई होत नाही असं वाटलं असावं, म्हणून आणखी म्हणाले, "लई सुंदर. माशाल्ला."

हितेंद्रने दुर्बिणीच्या पुढून काळं झाकण काढलं आणि उंच धरलं.

सगळ्यात आधी उजैर हसला. मग पोरं, मग मोठी माणसं, मग बायका. चाचाही हसले. सगळे हसत असताना माणूस जसा हसतो तसे. हितेंद्रने ठरलेलं वाक्य सांगितलं, आणि आता खरा चंद्र बघा म्हणून त्यांना पुन्हा पुढे बोलावलं. चाचा बाजूला झाले. म्हणाले, आधी मुलांना दाखवा. नंतर चंद्र नुसत्या डोळ्यांनाही दिसायला लागला, नखाच्या कडेएवढा, सगळे बोटं दाखवत होते. चाचा चष्मा पुसत जिन्याजवळ उभे होते. त्यांनी तिकडे पाहिलंच नाही.

परतताना बसमध्ये चाचींनी त्यांना हळूच विचारलं. मी त्यांच्या मागेच होते. चाचा म्हणाले, "पोरीने हात धरून वर नेलं. चहा पाजला. सगळं काळं दिसतंय असं तिच्या तोंडावर कसं सांगू?"

गोष्ट तिथे संपली असती. हसून विसरली असती माणसं. पण दोन दिवसांनी वेधशाळेच्या पानावर ती चित्रफीत आली. चाचांचा वाकलेला पाठमोरा सदरा, मग "लई सुंदर", मग झाकण, मग हशा. खाली लिहिलं होतं, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. शाळा-कॉलेजांतल्या गटांवर ती फिरली, धुळ्यापर्यंत गेली, तिथून आणखी कुठे कुठे. कुणीतरी तिला चाँदची गोष्ट जोडली. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर ती आली तेव्हा तिच्याखाली काय काय लिहून आलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ज्यांनी ते पुढे पाठवलं त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरची शेगडी चाचांनी बसवलेली होती. आणि नशिराबादला उजैरने ती आपल्या स्टेटसला ठेवली.

भाविका हितेंद्रपुढे जाऊन उभी राहिली. काढून टाका म्हणाली. त्याला खरोखर कळेना. यात अपमान कसला, मी तर माझ्या बापालाही केलं, असं त्याचं म्हणणं. शिवाय वेधशाळेचं काही आजवर इतक्या लोकांनी पाहिलं नव्हतं. वरचे साहेब खूश होते, शाळांचे फोन येत होते. तरी तिने पिच्छा सोडला नाही, तेव्हा काढली. तोवर ती सगळ्यांच्या मोबाइलात होती. मग हितेंद्रलाही चुटपुट लागली असावी. त्याने निरोप धाडला की चाचांना पुन्हा बोलावू, झाकण काढून नीट दाखवू, त्याचंही शूटिंग करू. चाचांनी कळवलं, साहेबांना म्हणावं, मेहेरबानी.

भाविका केळीचे वेफर्स घेऊन त्यांच्या घरी गेली आणि दारातच रडायला लागली. चाचांनी तिला बसवलं, पाणी दिलं, तुझी नोकरी तर ठीक आहे ना, एवढं विचारलं. तिने साहेबांना नावं ठेवायला सुरुवात केली तेव्हा म्हणाले, "त्यांचं काय चुकलं, बेटी? मी खोटं बोललोच."

रमजानचा चाँद स्वच्छ आभाळात दिसला. कुणाच्या गवाहीची गरज पडली नाही. चाचा गच्चीवर गेले होते, पण कठड्याजवळ नाही, मागे पाण्याच्या टाकीशी. कुणी त्यांना पुढे या म्हणालं नाही. कठड्याजवळ पोरं उभी राहिली होती.

ईदच्या चाँदला मात्र दुपारपासून ढग भरून आले. मी तिथे नव्हते. जे लिहिते आहे ते मुमताजचाचींकडून ऐकलेलं आणि थोडं उजैरच्या आईकडून. मावळतीची, मगरीबची नमाज झाली, माणसं वर आली. पश्चिमेला जाड ढग, फक्त जिनिंग कारखान्याच्या चिमणीजवळ एक फट. उजैर ओरडला, "दिखा, वो देखो, चिमणी के बाजू में." माणसं वळेपर्यंत ढग जुळले होते. मौलानांनी त्याला विचारलं, नक्की का? तो कसम घ्यायला तयार झाला. मग त्यांनी सगळ्यांना विचारलं, आणखी कुणाला?

ईद उद्या की परवा, ते आता दुसऱ्या साक्षीदारावर अडलं होतं. खाली गल्लीत बायका उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या.

चाचांनी तो पाहिला होता. टाकीला टेकून, त्याच फटीत. त्यांच्यापुढे दोनच रस्ते होते. पाहिलेल्याची गवाही लपवणं म्हणजे गुन्हा, हे त्यांना लहानपणापासून माहीत. आणि बोलायचं तर आपण आता कोण आहोत तेही माहीत. मग ते पुढे आले.

"मैंने भी देखा," ते म्हणाले. "मेरी गवाही ले लो."

मागून कुणीतरी म्हणालं, "चाचा, ढक्कन निकाला था क्या?"

गच्ची हसली. टाकीपासून कठड्यापर्यंत सगळी. तोंड दाबून हसणारी म्हातारी माणसंही होती. मौलाना रागावले, गप्प करायचा प्रयत्न केला, आणि रीतीप्रमाणे चाचांना विचारलं: कुठल्या बाजूला होता, किती वर होता, टोकं कशी होती. चाचांनी सगळं सांगितलं. आवाज इतका लहान झाला होता की दोनदा विचारावं लागलं. उजैरने जे सांगितलं होतं त्याच्याशी ते जुळत होतं. पण एव्हाना दोघांकडेही मोबाइल रोखलेले होते, आणि उजैरच्या लक्षात आलं की आता आपलं नाव या म्हाताऱ्याच्या नावाशी बांधलं जाणार. मौलानांनी त्याला पुन्हा विचारलं तेव्हा तो म्हणाला, मला वाटलं होतं तसं, पण पक्कं नाही सांगत.

मौलाना समजूतदार माणूस. तेही काय करणार? त्यांनी सांगितलं, धुळ्याहून फोन येऊ द्या, मग बघू.

चाचा जिना उतरून घरी आले. चाची पातेलं घासून, दूध शेजारी ठेवून बसल्या होत्या. दारात समोरच्या दोघी त्यांच्याकडे बघत उभ्या होत्या. चाचींनी नुसत्या नजरेने विचारलं. चाचा वाकून चपला काढत राहिले. मग चाचींनी तोंडाने विचारलं, दूध चढवू का?

"बाकीच्यांनी चढवलं की चढव," चाचा म्हणाले.

चाची मला म्हणाल्या, लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या तोंडून असलं वाक्य मी ऐकलं नव्हतं. समोरच्या दोघी घरात निघून गेल्या.

धुळ्याहून निरोप आला, तिकडे दिसला होता. भोंग्यावर ईद जाहीर झाली, फटाके वाजले, गल्लीतल्या सगळ्या चुलींवर दूध चढलं. तेव्हा मग चाचींनीही चढवलं. जब्बारने तर सांगितलंच होतं, असं एकही माणूस म्हणाला नाही. आठवायचं कुणाला सुचलंच नाही. धुळ्याला दिसला म्हणजे धुळ्याला दिसला.

मी दर वर्षीसारखी ईदला गेले. शीरखुर्मा चांगला झाला होता. उजैर आला, चाचांच्या गळ्यात पडला, 'चाचा, दिल पे मत लेना' म्हणाला, दोन वाट्या खाऊन गेला. चाचांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला. त्या दिवशी मी त्यांना नीट पाहिलं. ज्याच्याशी बोलत त्याच्या तोंडाकडे बघत, आणि तो जे म्हणेल त्याला मान डोलवत. कुणी म्हणालं ऊन वाढलं, मान डोलवली. पाठोपाठ दुसरा म्हणाला की यंदा तेवढं नाही, तेव्हाही डोलवली.

भाविका अजून तिथेच कामाला आहे. वर आता गर्दी असते. हितेंद्र बदलून दुसरीकडे गेला, पण झाकणाची रीत राहिली. नवी पोरं तिला 'चाचा टेस्ट' म्हणतात. हे चाचा कोण, ते त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नाही. भाविका हे सांगताना भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

पावसाळा सरल्यावर माझ्या शेगडीचा मोठा बर्नर फडफडायला लागला. चाचा दिसले तशी हाक मारली. शेवंताबाई फाटकाशी उभ्या होत्या. त्यांचाही कुकर गळत होता, पण त्यांनी तो बाहेर आणला नाही. चाचा पेटी सोडवत असताना मला आडबाजूला घेऊन म्हणाल्या, "मागच्या खेपेले मी विचारलं, झालं का बरोबर, तं म्हने तुम्हीच पहा. ज्याले सोताचाच भरोसा नही, त्याच्या हाती गॅस कसा द्यावा माय?" आता कंपनीचा माणूस बोलावणार होत्या. भाविका आत होती. तिला ऐकू गेलं असणार.

चाचांनी फडकं अंथरलं, शेगडी खोलली. सुरम्याच्या डबीतून पीन काढून जेट साफ केला, नळी बदलली, बर्नरची भोकं एकेक करून मोकळी केली. हात पूर्वीसारखेच चालत होते. शेगडी जोडून आत आणली, सिलिंडर उघडला आणि लायटर माझ्या हातात दिला.

मी पेटवली. चाचा ज्योतीकडे वाकले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते.

"निळी दिसतेय ना, ताई?"

मी म्हटलं, हो, छान निळी आहे, एकसारखी.

"मग निळीच असंल," चाचा म्हणाले आणि पेटी उचलायला वाकले.